नेपाळची वीज बांगलादेशात पोहोचते तरी कशी?

नमस्कार. पडद्यावरच्या नकाशात सिलीगुडीच्या आसपासचा चिंचोळा पट्टा पाहा. त्याच्या एका बाजूला नेपाळ आहे, दुसऱ्या बाजूला बांगलादेश, आणि मध्ये भारताची जेमतेम वीस-बावीस किलोमीटरची भूमी आहे. नेपाळकडे पावसाळ्यात विकायला वीज असते आणि बांगलादेशाला ती हवी असते. तरीही नेपाळमध्ये तयार झालेली वीज बांगलादेशात पहिल्यांदा पोहोचली ती १५ नोव्हेंबर २०२४ रोजी, आणि तीही या चिंचोळ्या पट्ट्यातून न जाता बिहार आणि पश्चिम बंगालचा मोठा वळसा घेऊन. मोजमापाने ही वीज फक्त ४० मेगावॉट आहे. आपल्या कोयनेची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे हे लक्षात घेतले, तर हा आकडा किती लहान आहे ते समजते. पण दक्षिण आशियात एका देशाची वीज दुसऱ्या देशाच्या तारांवरून तिसऱ्या देशात जाण्याची ही पहिलीच वेळ होती, म्हणून हा प्रवास नीट समजून घेण्यासारखा आहे.

आधी नेपाळकडे वळू. कोयनेत आपण पावसाचे पाणी शिवसागर जलाशयात साठवतो आणि संध्याकाळी मागणी चढली की ते टर्बाइनवर सोडतो. नेपाळमधील बहुतेक जलविद्युत प्रकल्प असे नाहीत. नदी जशी वाहते तशी तिथे वीज तयार होते. पावसाळ्यात आणि बर्फ वितळण्याच्या दिवसांत नद्या भरून वाहतात आणि वीज वापरून उरते, तर हिवाळ्यात नद्या आटतात आणि तुटवडा पडतो. ज्यांनी महाराष्ट्रात भारनियमन सोसले आहे, रात्री अपरात्री वीज आली म्हणून शेतावर पंप सुरू करायला धावणारी माणसे ज्यांनी घरात पाहिली आहेत, त्यांना काठमांडूचे २०१६ पूर्वीचे हिवाळे वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत. तिथे दिवसातले सोळा-सोळा तास वीज नसे. २०१६ मध्ये नेपाळमधील ढल्केबर आणि बिहारमधील मुझफ्फरपूर यांना जोडणारी वाहिनी सुरू झाली. ४०० किलोव्होल्टसाठी बांधलेली ही वाहिनी आरंभी १३२ किलोव्होल्टवर चालवावी लागली आणि टप्प्याटप्प्याने पूर्ण दाबावर आली. काठमांडूचा अंधार हटण्यामागे या वाहिनीचाही वाटा आहे. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये नेपाळने भारताच्या वीज बाजारात पहिल्यांदा आपली वीज विकली, म्हणजे घेण्यासाठी टाकलेली तार देण्याच्याही कामी आली.

आता या प्रवासातील सर्वांत सुरस भाग. आपल्या घरात येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा पालटणारी असते; ती सेकंदाला पन्नास आवर्तने करते. भारतभरातील सगळी वीज केंद्रे हाच ताल धरून फिरतात आणि तो ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या आवर्तनांच्या, दरम्यान राहावा असा आपला नियम आहे. मागणी वाढली की ताल किंचित मंदावतो, मागणी घटली की वाढतो. ढोल पथकात मध्येच शिरणाऱ्या वादकाला पथकाचा ठेका पकडूनच टिपरू टाकावे लागते. वीज जाळ्यांचेही तसेच आहे. दोन जाळी जोडताना त्यांची वारंवारिता, दाब आणि लहरीची स्थिती एकमेकांशी जुळावी लागते. नेपाळचे जाळे भारताच्या जाळ्याशी असे तालबद्ध जोडलेले आहे. बांगलादेशाचे जाळे मात्र स्वतःच्या ठेक्यावर चालते.

मग वेगळ्या ठेक्यावरच्या दोन जाळ्यांत वीज पाठवायची कशी? याचे उत्तर महाराष्ट्रातच पाहायला मिळते. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस १,००० मेगावॉटचे एक केंद्र उभे राहिले, कारण त्या काळी पश्चिम भारताचे आणि दक्षिण भारताचे जाळे वेगवेगळ्या ठेक्यावर होते. अशा केंद्रात एका बाजूने आलेल्या प्रत्यावर्ती विजेचे रूपांतर एकदिश, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत केले जाते आणि त्याच आवारात, दुसऱ्या बाजूला, तिच्यातून पुन्हा प्रत्यावर्ती वीज घडवली जाते, पण पलीकडच्या जाळ्याच्या ठेक्यात. जुन्या विहिरीवरची मोट आठवा. मोट वर आली की पाणी एकदम थारोळ्यात कोसळते, मग काही क्षण काहीच येत नाही. थारोळ्याला लागलेल्या पाटातून मात्र पाणी सलग वाहत राहते आणि पाटावरच्या शेतकऱ्याला बैल किती वेगाने चालत आहेत याच्याशी देणेघेणे नसते. भद्रावतीचे केंद्र हे विजेचे थारोळे आहे. दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी थेट, एका तालात जोडले गेले ते ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने. एका देशाच्या आत ही जोडणी व्हायला इतका काळ लागला हे ध्यानात ठेवले, म्हणजे तीन देशांच्या कामाचा अंदाज येतो.

बांगलादेशाच्या कुष्टिया जिल्ह्यातील भेडामारा येथे असेच थारोळे आहे. पश्चिम बंगालमधील बहरामपूरहून निघालेल्या तारा तिथे पोहोचतात. ५०० मेगावॉटचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू झाला आणि २०१८ मध्ये तेवढीच आणखी भर पडली. अशा जोडणीचा मोठा लाभ म्हणजे एकीकडचा बिघाड सहसा दुसरीकडे पसरत नाही. जुलै २०१२ मध्ये उत्तर आणि पूर्व भारत अंधारात गेला तेव्हा दक्षिणेचे जाळे तगले, कारण ते एकदिश जोडणीच्या पलीकडे होते. पण आयातीवर विसंबणाऱ्याला धोका राहतोच. १ नोव्हेंबर २०१४ रोजी भेडामारा केंद्र अचानक बंद पडले, तिथून येणारी वीज एका क्षणात नाहीशी झाली आणि बांगलादेशाचा ताल इतका घसरला की संपूर्ण देशाचा वीजपुरवठा कोलमडला.

येथे कोणी विचारेल की ढल्केबरची वीज खरोखर ढाक्याच्या दिव्यात पोहोचते का. गिरणगावातला कामगार कोकणात मनीऑर्डर करत असे, तेव्हा त्याने खिडकीवर मोजलेल्या नोटा काही गावी जात नसत. मुंबईत रक्कम जमा होई आणि गावचा पोस्टमन तेवढीच रक्कम घरी आणून देई. विजेचेही तसेच चालते. नेपाळने मुझफ्फरपूरला ४० मेगावॉट जमा करायचे, तिथल्या मीटरवर त्याची नोंद व्हायची आणि भेडामाऱ्याला बांगलादेशाने तेवढीच वीज उचलायची. नेपाळ विद्युत प्राधिकरण, भारताची एनटीपीसी विद्युत व्यापार निगम आणि बांगलादेशाचे वीज विकास मंडळ यांच्यात ३ ऑक्टोबर २०२४ रोजी काठमांडूत जो करार झाला, त्यात नेपाळला युनिटमागे ६.४० अमेरिकी सेंट मिळायचे ठरले. वाहतुकीचा खर्च वेगळा. हा करार जुलैतच व्हायचा होता. बांगलादेशातील उलथापालथीमुळे तो लांबला. ढाक्यात सत्ता बदलली तरी करार मोडला नाही, ही मला या साऱ्या घडामोडीतली सर्वांत आश्वासक गोष्ट वाटते.

मग फक्त ४० मेगावॉटच का? भेडामाऱ्याच्या वाटेची १,००० मेगावॉटची क्षमता बहुतांशी भारतीय विजेसाठी आधीच बांधलेली आहे, हे एक कारण. दुसरे कारण धोरणाचे आहे. ज्या प्रकल्पांत चिनी गुंतवणूक किंवा सहभाग आहे, त्यांची वीज भारत घेत नाही. सीमेवरचा ताण पाहता यामागची चिंता मी समजू शकतो, पण त्याची किंमत नेपाळमधील अशा प्रकल्पांना मोजावी लागते, ज्यांचे पाणी पावसाळ्यात वीज न बनताच वाहून जाते. जानेवारी २०२४ मध्ये भारताने दहा वर्षांत नेपाळकडून १०,००० मेगावॉट वीज घेण्याचा करार केला आहे. तो पाळायचा असेल तर ढल्केबरसारख्या आणखी वाहिन्या लागतील. गोरखपूर–बुटवल ही त्यांपैकी एक आहे. मध्ये बसलेल्या देशाची जबाबदारी सर्वांत मोठी असते आणि भारताने ही वाट मोकळ्या मनाने रुंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऋतूंचे गणितही या तिन्ही देशांना सोयीचे आहे. बांगलादेशाची मागणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात चढते आणि थंडीत बरीच उतरते. नेपाळची वीज नेमकी त्याच क्रमाने वाढते आणि घटते. म्हणूनच हा करार वर्षभराचा नाही. दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर एवढेच पाच महिने ४० मेगावॉट बांगलादेशाकडे जातात. त्यानंतर हिमालयातल्या नद्या आटू लागतात आणि ऐन थंडीत ढल्केबरच्या त्याच तारांमधून वीज उलट्या दिशेने, मुझफ्फरपूरहून नेपाळकडे वाहू लागते.