चाळकेवाडीच्या पठारावरची निवड

[दृश्य: भर दुपारचं पठार, मागे फिरत्या पवनचक्क्या]

हे सातारा जिल्ह्यातलं चाळकेवाडीचं पठार. उन्हाळा ऐन भरात आहे, गवत वाळलंय, जांभा तापलाय. समोरच्या दगडावर नीट बघा.

[दृश्य: सरडा, अगदी जवळून]

हा नर. पाठ दगडामातीच्या रंगाची, हलला नाही तर सापडायचा नाही. आता गळा बघा. जिभेच्या मुळाशी असलेल्या कंठास्थीची एक बारीक काडी स्नायूंनी पुढे रेटली जाते आणि घडी पडलेली कातडी छत्रीसारखी ताणली जाते. निळा, काळा, केशरी. मिटला... आणि पुन्हा उघडला.

याचं शास्त्रीय नाव सराडा सुपर्बा. स्वतंत्र जाती म्हणून त्याचं वर्णन झालं ते २०१६ साली.

[दृश्य: शेजारच्या दगडावर मादी]

मादीला असा रंगीत पंखा नसतो. नराचा पंखा असतो तिच्यासाठी आणि हद्दीत घुसू पाहणाऱ्या दुसऱ्या नरासाठी. ज्याचा रंग प्रभावी ठरतो त्याला जोडीदार मिळण्याची शक्यता जास्त, आणि त्याचे गुण पुढच्या पिढीत जास्त उतरतात. ही लैंगिक निवड. परीक्षेत आपण इथे मोराचा पिसारा लिहितो. जरूर लिहा, पण आपल्या सह्याद्रीतलं हे उदाहरणही लिहा, तेही तितकंच पक्कं आहे.

[दृश्य: आभाळात घिरट्या घालणारा तिसा, एक शिकारी पक्षी]

रंग मादीला दिसतो, तसा वरून यालाही दिसतो. म्हणून पाठ मातकट आणि रंग घडीत. जो लपतो तो वाचतो, ही नैसर्गिक निवड. एकाच शरीरावर दोन निवडी एकमेकींना ताणत असतात. हे चित्र डोक्यात बसलं की व्याख्या पाठ करायची गरज उरत नाही.

[दृश्य: पवनचक्कीचं पातं, खालून]

आता या पवनचक्क्यांकडे या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया थाकर आणि सहकाऱ्यांनी याच पठाराचे दोन भाग ताडून पाहिले, एक पवनचक्क्यांचा आणि एक त्यांच्याशिवायचा. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट. पवनचक्क्यांच्या भागात पक्षी कमी, सरडे मात्र जास्त. तिथल्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी, आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळतही नाहीत.

मग रंगांचं काय? त्रिनिदादच्या ओढ्यांतल्या गप्पी माशांत शिकारी कमी असले की नर जास्त रंगीत होतात. तोच नियम इथे लावला, तर हे सरडे अधिक भडक हवेत. प्रत्यक्षात ते फिके निघाले. गर्दी वाढली की खाण्यासाठी चुरस वाढते, अंगकाठी उतरते, आणि रंग टिकवायला तर शरीराला किंमत मोजावी लागते. नियम पाठ असूनही उत्तर चुकतं ते अशा ठिकाणी.

[दृश्य: दोन नर, समोरासमोर]

हा फिकेपणा म्हणजे उत्क्रांती झाली का? एवढ्यावरून तसं लिहू नका. उपाशी सरडा त्याच्या हयातीतच फिका पडू शकतो. बदल आनुवंशिक असेल आणि पिढ्यान्‌पिढ्या समूहातल्या जनुकांचं प्रमाण बदलत गेलं असेल, तेव्हाच ती उत्क्रांती. लामार्कचा जिराफ मान ताणून ती लांब करतो आणि ती लांबी पिल्लांत उतरते; त्याला डार्विनवाद्यांनी घेतलेला आक्षेप याच जागी येऊन थांबतो: मिळवलेला गुण आणि वारशाने आलेला गुण यांत फरक आहे.

[दृश्य: पवनचक्क्यांची रांग, लांबून]

इथे शिकारी पक्ष्यांची जागा पवनचक्क्यांनी घेतलेली नाही, त्यांनी पक्ष्यांना बाजूला सारलंय. त्यामुळे अन्नसाखळीचा खालचा थरही हलला. नव्या पठारावर पवनचक्क्या उभ्या करण्याआधी तिथले पक्षी आणि सरडे मोजले गेले पाहिजेत.