‘मान्सून अंदमानात दाखल’ आणि आपलं मे महिन्याचं बुकिंग

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? बरं.

एका बातमीपासून सुरुवात करते. दरवर्षी मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पेपरात हेडलाईन येते, मान्सून अंदमानात दाखल, आणि ती वाचून आपल्याला किती बरं वाटतं, उकाड्याने जीव नकोसा झालेला असतो ना, मग आपण लगेच बोटांवर मोजायला लागतो, आता १ जूनला केरळ, मग तळकोकण, मग आपण. आणि बरोब्बर त्याच आठवड्यात आपल्याच सोसायटीतली दोन-तीन कुटुंबं बॅगा भरत असतात. कुठे? तर अंदमानला. मुलांना सुट्टी आहे, २८ मेला सावरकर जयंती आहे, त्या दिवशी सेल्युलर जेलमध्ये डोकं टेकवायचंय. म्हणजे पाऊस आणि आपण एकदमच तिथे पोचतो. बातमी रोज वाचणारी माणसं, पण ती बातमी आणि आपलं तिकीट यांचा संबंध आहे हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. मी १४ वर्षं ग्रुप घेऊन तिकडे जातेय आणि दर मे महिन्यात हे बघते, म्हणून आज याच विषयावर बोलायला आले.

पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट सांगते. तेव्हा मी एका टूर कंपनीत नोकरीला होते. ३१ जणांचा ग्रुप, त्यातले निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे. ऑफिसमधून सगळ्यांना सांगितलेलं की तिकडे काय, अधूनमधून एखादी सर येते. त्यात नाशिककडचे एक निवृत्त गुरुजी होते, त्यांनी भगूरची माती कागदाच्या पुडीत बांधून आणली होती, सावरकरांच्या जन्मगावची, ती पुडी कोठडीच्या दारात ठेवून नमस्कार करायचा होता त्यांना २८ तारखेला. आमचा प्लॅन असा की आधी हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, मग २७ला परत पोर्ट ब्लेअर आणि २८ला जेल. २७ला सकाळी सहाला धक्क्यावर पोचलो तर समुद्र नुसता शिशासारखा काळा-करडा, वारा असा की छत्री उघडली की उलटी, आणि सांगण्यात आलं बोट रद्द. २८लाही रद्द. २९ला पहिली बोट सुटली, ती पकडून आम्ही थेट एअरपोर्ट गाठला कारण दुपारचं विमान होतं. टॅक्सी जेलच्या चढाच्या खालून गेली. गुरुजी काही बोलले नाहीत, फक्त खिशावर हात ठेवून बाहेर बघत होते. ते मला अजून विसरता येत नाही.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सगळ्यांना सांगते. अंदमानचा सीझन हा ऊन-थंडीचा नसतोच मुळी, तो बोटीचा असतो. तापमान तिथे बारा महिने साधारण २३ ते ३१ डिग्रीच्या मधे, जानेवारीत स्वेटर लागत नाही आणि मेमध्ये विदर्भासारखं भाजत नाही. बदलतो तो समुद्र. आणि तुमची निम्मी ट्रिप समुद्रावर अवलंबून, कारण हॅवलॉक आणि नील, म्हणजे शहीद द्वीप, तिथे बहुतेकांना बोटीशिवाय जाता येत नाही. गावाचंही नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालंय, पण बोलताना तोंडात अजून पोर्ट ब्लेअरच येतं, तर सांभाळून घ्या.

आता पाऊस. मी मूळची रत्नागिरीची, मला पावसाचं कौतुक कोणी सांगायला नको. अंदमानात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पडतो, म्हणजे आमच्याकडच्यासारखाच म्हणा, पण आमच्याकडे तो चार महिन्यांत ओतून मोकळा होतो, तिथे तो सात-आठ महिने पुरवून पुरवून पडतो. आधी मेच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मान्सून, आपलाच. तो गेला की आपण म्हणतो संपला पावसाळा, दिवाळीची सुट्टी आली, चला अंदमान. पण तिथे तेव्हा वारा उलटा फिरतो, ईशान्येकडून यायला लागतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ, त्यातली बरीचशी कमी दाबाचे पट्टे म्हणून अंदमानच्या आसपासच जन्माला येतात. म्हणजे आपल्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या, मेचा शेवट आणि दिवाळी, दोन्ही नेमक्या वाईट वेळी. आता शाळांचं वेळापत्रक काही अंदमानचा समुद्र बघून ठरलेलं नाही, त्याला कोण काय करणार.

२०१६चा डिसेंबर आठवा. वरदा वादळ, जे १२ डिसेंबरला चेन्नईला धडकलं, ते त्याआधी कमी दाबाचा पट्टा म्हणून अंदमानवर होतं, तेव्हा हॅवलॉक आणि नीलवर १४००च्या आसपास पर्यटक अडकले होते, त्यांना काढायला नौदलाच्या बोटी पाठवाव्या लागल्या. आणि डिसेंबरचा पहिला आठवडा तर सगळ्या जाहिरातींमध्ये पीक सीझन म्हणून छापतात! आणि दुसऱ्या टोकाला २०२५ बघा, त्या वर्षी मान्सून १३ मेलाच अंदमानच्या समुद्रात पोचला. म्हणून दोन्ही बाजूंनी मी थोडी जागा सोडते. डिसेंबरचा मध्य ते एप्रिलचा मध्य, हे माझे महिने. मेमध्ये जायचंच असेल तर पहिला आठवडा, फार तर १० तारीख.

त्यातही फरक आहेत. नाताळ ते नवीन वर्ष गर्दी आणि भाडी दोन्ही डोक्यावर जातात, तेव्हा नकोच. ज्यांना बोट लागते, उलटीचा त्रास आहे, त्यांनी मार्च-एप्रिल धरा, तेव्हा समुद्र खरंच तेलासारखा शांत असतो, उकडतं थोडं, पण पोटात ढवळत नाही. कासवं बघायची असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारी, उत्तरेला डिगलीपूरजवळ कालीपूरच्या किनाऱ्यावर, मात्र रस्त्याने लांब आहे, त्यासाठी वेगळे दिवस काढा.

पण मला स्वतःला विचाराल तर फेब्रुवारी. नीलला भरतपूरच्या किनाऱ्यावर फेब्रुवारीत सकाळी छातीएवढ्या पाण्यात उभं राहा आणि खाली बघा, पायाच्या बोटांची नखं दिसतात, नखांवरची नेलपॉलिश दिसते, आणि दोन बोटांच्या मधून करंगळीएवढा मासा आरामात निघून जातो. तेच पाणी मी जूनमध्ये बघितलंय, गढूळ, चहासारखं, गुडघ्याखालचं काही दिसत नाही. स्कूबा, स्नॉर्कलिंग करणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवाच, कारण हजारो रुपये देऊन खाली जायचं आणि धुकं बघून वर यायचं याला काय अर्थ आहे? अजून एक, एप्रिल-मेमध्ये तिथलं पाणी सगळ्यात जास्त तापतं. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये या बेटांजवळची प्रवाळं या तापण्याने पांढरी पडली होती. मी २०१६ला ते बघितलंय. हाडं पसरून ठेवल्यासारखं दिसत होतं.

महिना ठरला की तिथी बघा. हो, कालनिर्णय काढा. कोकणातल्यांना हे सांगायला लागत नाही, आमचे आजोबा तिथीला तीनने गुणून चारने भागून भरतीची वेळ सांगायचे. तो हिशेब अंदमानात जसाच्या तसा लागू होत नाही, तिथली वेळ तिथेच विचारायची, पण उधाण आणि भांग, म्हणजे पाणी जास्त आणि कमी चढण्या-उतरण्याचे दिवस, दोन्हीकडे सारखेच. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा ओहोटीला पाणी खूप आत जातं. नीलला तो दगडी नैसर्गिक पूल आहे, फोटोतला, त्याच्या खाली ओहोटीलाच जाता येतं, आणि वाटेत डबक्यांत केवढे जीव अडकलेले असतात, समुद्रकाकड्या, खेकडे, तारामासे, सावकाश चाला, हात लावू नका. आणि अंधाऱ्या रात्री हॅवलॉकला काही वेळा पाणी हलवलं की निळं चमकतं, ते पौर्णिमेला दिसत नाही. म्हणून मी अमावस्येच्या अलीकडे-पलीकडे दोन दिवस असे धरते, दोन्ही साधतं.

उजेडाचंही एक आहे. घड्याळ आपलंच, पण बेटं पार पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. आपल्या सवयीने नऊला नाश्ता करून निघालात तर दिवस हातातून गेला. सहाला बाहेर पडा.

मघाशी चिठ्ठी आलीये की आम्हाला २८ मेलाच जायचंय, तारीख बदलणार नाही, तर काय करू. मला हा प्रश्न मनापासून आवडला, कारण ज्याला त्या दिवशी तिथे असायचंय त्याला फेब्रुवारी सांगून काही उपयोग नाही. तर जा. फक्त क्रम उलटा करा. २६ला पोचा आणि २८पर्यंत पोर्ट ब्लेअर सोडूच नका. जेल जमिनीवर आहे, त्याला बोट लागत नाही. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला तरी जेल जागेवरच आहे. बेटं नंतर, जमली तर, आणि परतीच्या आधीच्या दोन रात्री पुन्हा पोर्ट ब्लेअरला, म्हणजे बोट चुकली तरी विमान चुकत नाही. आणि एजंटकडून बोट रद्द झाली तर पैसे कसे परत मिळणार हे आधी लिहून घ्या.

गुरुजींना मी पुढच्या वर्षी असंच नेलं, स्वतःहून फोन करून, तोपर्यंत मी ती नोकरी सोडली होती. २८ मे, सकाळपासून कोसळत होता. वरच्या मजल्यावर, टोकाच्या त्या कोठडीशी गर्दी होती, ती ओसरेपर्यंत आम्ही व्हरांड्यात थांबलो. मग ते आत गेले. कोठडीला मागे उंचावर एक झरोका आहे, हात पोचणार नाही इतका उंच, त्यातून पाऊस दिसत नाही, नुसता ऐकू येतो. गुरुजी म्हणाले, अहो ताई, तात्यारावांना इथे आणलं ते ४ जुलैला, १९११च्या, म्हणजे भर पावसाळ्यात, पहिल्या रात्री त्यांनी हाच आवाज ऐकला असणार. मी त्याआधीही तिथे गेले होते, माझ्या हे कधी मनात आलं नव्हतं. त्यांनी पुडी काढली, वर्षभर जपलेली, कागद मऊ झालेला, ती दारात ठेवली, नमस्कार केला आणि चिमूटभर माती कपाळाला लावली. पुडी पुन्हा खिशात घातली. बाहेर आलो तर पाऊस तसाच चालू होता, आम्ही पायरीवर बसून राहिलो, तो थांबावा अशी घाई कोणालाच नव्हती.