रूळ एक, वाटेकरी तीन

(ठाणे येथे महाराष्ट्रातील रेल्वे वाहतुकीवर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

ठाण्यात रेल्वेविषयी बोलायचे तर १६ एप्रिल १८५३ पासूनच सुरुवात करावी लागते. नाही तर श्रोते वक्त्याला खाली उतरवतील. बोरीबंदरहून निघालेली ती गाडी, तिचे १४ डबे, त्यांतले सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने आणि ठाण्यापर्यंतचे ३४ किलोमीटर हे सारे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. मी त्यात भर घालणार नाही. मला एवढेच विचारायचे आहे की हा रूळ मुळात घातला कशासाठी?

पाहुण्यांना ठाण्याची हवा दाखवून परत नेण्यासाठी तो नक्कीच घातला नव्हता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या विलायती गिरणीवाल्यांचे लक्ष खानदेश-वऱ्हाडच्या कापसावर होते. जमशेटजी जीजीभॉय आणि नाना शंकरशेठ यांच्यासारख्या मुंबईकरांनाही व्यापार वाढायला हवा होता. १८५४ मध्ये रूळ कल्याणला गेला, १८६७ पर्यंत नागपूरला पोचला. म्हणजे या रुळाचा पहिला वाटेकरी माल, दुसरा लांबचा प्रवासी आणि तिसरा, सर्वांत उशिरा आलेला, तुम्ही-आम्ही लोकलवाले. विजेवरची पहिली गाडी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, पहिल्या गाडीनंतर तब्बल ७२ वर्षांनी. आज मात्र हा तिसरा वाटेकरीच संख्येने सर्वांवर भारी आहे. महाराष्ट्रातल्या रेल्वेचे बहुतेक प्रश्न या तिघांच्या वाटणीतून निर्माण होतात, आणि कोण कोणासाठी थांबतो हे एकदा नीट पाहिले की वेळापत्रकातल्या पुष्कळ गोष्टी उलगडतात, असे माझे म्हणणे आहे.

आधी सह्याद्रीचा विचार करू, कारण राज्याच्या रेल्वेचा नकाशा त्यानेच आखला आहे. मुंबईहून देशावर जायला दोन घाट आहेत. पुण्याकडे जाणारा बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला आणि नाशिककडे जाणारा थळघाट १८६५ मध्ये. दोन्हीकडे चढाचे प्रमाण सदतिसास एक, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. पायी चालणाऱ्याला हा चढ जाणवणारही नाही. पण पोलादाच्या रुळावर पोलादाचे चाक ठेवले की घर्षण फारच थोडे उरते. सपाटीवर रेल्वे स्वस्त पडते ती याच गुणामुळे, आणि घाटात नेमका हाच गुण तिच्यावर उलटतो. १००० टनांच्या गाडीला या चढावर केवळ मागे घसरू न देण्यासाठी सुमारे २७ टनांचा जोर लावावा लागतो. पुढे ओढणे ही नंतरची गोष्ट. म्हणून बोरघाटासाठी कर्जतला आणि थळघाटासाठी कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलणारी इंजिने जोडतात. रेल्वेच्या बोलीत त्यांना बँकर म्हणतात. पुण्याला जाणारी गाडी कर्जतला हमखास थांबते ती या बँकरसाठी, आणि त्या चार मिनिटांत फलाटावर बटाटेवड्यांचा धंदा होतो. कर्जतच्या वड्याची कीर्ती खऱ्या अर्थाने त्या चढाची देणगी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर आणि शिर्डीला वंदे भारत गाड्या सुरू झाल्या, त्यांना बँकर लागत नाही. त्यांच्या मोटारी एका इंजिनात नसून अनेक डब्यांच्या खाली वाटलेल्या असतात आणि त्यामुळे गाडीतील कितीतरी अधिक चाके रुळाला धरून ओढतात. आपल्या लोकलचेही तत्त्व हेच आहे. मालगाडीला ही सोय नाही, तिला इंजिनांवरच भिस्त ठेवावी लागते.

या घाटांचा अर्थ मला खऱ्या अर्थाने कळला तो एप्रिल २०२१ मध्ये, आणि तोही इथून जवळच्या कळंबोलीत घडलेल्या एका गोष्टीमुळे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्यात प्राणवायूचा तुटवडा पडला होता आणि विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात तो उपलब्ध होता. १९ एप्रिलला कळंबोलीहून ७ रिकामे टँकर सपाट वाघिणींवर, म्हणजे मालगाडीच्या उघड्या डब्यांवर, चढवून देशातली पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस रवाना झाली. त्यासाठी लागणारा उतार, म्हणजे टँकर वाघिणीवर चढवण्याचा रॅम्प, कळंबोलीत २४ तासांत बांधला गेला. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. विशाखापट्टणम पूर्वेला आहे; गाडी सरळ कल्याणवरून घाट चढून जायला हवी होती. ती गेली वसई, सुरत, भुसावळ, नागपूर अशी, म्हणजे पूर्वेला जाण्यासाठी आधी गुजरात गाठून! ३३२० मिलिमीटर उंचीचा टँकर वाघिणीवर ठेवल्यावर गाडी मापाबाहेर जात होती आणि अशा मापाबाहेरच्या गाडीला मुंबईकडच्या घाटांत परवानगी नाही. साडेअठराशेहून अधिक किलोमीटरचे ते अंतर सुमारे ५० तासांत कापले गेले. परतताना १०० टनांहून अधिक द्रवरूप प्राणवायू घेऊन गाडी २१ तासांत नागपूरला पोचली, तिथे ३ टँकर उतरले आणि उरलेले ४ आणखी १२ तासांत नाशिकला आले. नाशिक घाटमाथ्यावर आहे, पूर्वेकडून तिथे पोचायला घाट उतरावा लागत नाही, हे इथे ध्यानात घ्यावे. दीडशे वर्षांपूर्वी बेतलेली ती उंची आणि तो चढ त्या आठवड्यातही बोलत होते.

ती गाडी कळंबोलीहून वसईला गेली तो मार्ग म्हणजे पनवेल-दिवा-वसई. ठाण्यातल्या लोकांना दिवा म्हटले की गर्दी आठवते. वसईकडे जाणारा फाटा थोड्यांच्या लक्षात येतो. वास्तविक न्हावाशेव्याच्या बंदरात, म्हणजे १९८९ मध्ये सुरू झालेल्या जेएनपीटीत, जहाजावरून उतरलेला कंटेनर रेल्वेने उत्तरेत जायचा तर तो याच रस्त्याने जातो. डोंबिवलीच्या अलीकडे कोपरला हा मार्ग मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाच्या डोक्यावरून जातो, म्हणून तिथे खालचे कोपर आणि वरचे कोपर अशी दोन स्थानके आहेत. खाली लोकलची रांग आणि वर कंटेनरची गाडी हे दृश्य तिथे फलाटावर उभे राहून कधीतरी पाहावे. दिल्लीजवळच्या दादरीहून येणारा १५०६ किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग, म्हणजे फक्त मालगाड्यांसाठीचा रूळ, जेएनपीटीपर्यंतच आखलेला आहे; विजेची तार साडेसात मीटर उंच ठेवल्यामुळे त्यावर एका कंटेनरवर दुसरा कंटेनर ठेवून गाडी नेता येते. या मार्गाचा राजस्थान-गुजरातेतला भाग आधी झाला आणि सर्वांत मागे राहिला तो वैतरणा ते जेएनपीटी हा आपल्या अंगणातला तुकडा. जमीन महाग, वस्ती दाट आणि मधे खाड्या-डोंगर. दुसरे काही होणे कठीणच होते.

मालाचे बाकीचे चित्र थोडक्यात सांगतो. चंद्रपूर आणि वणीचा कोळसा, त्याच पट्ट्यातले सिमेंट, रावेर-सावद्याची केळी, नाशिकचा कांदा. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातली पहिली किसान रेल निघाली ती देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला. आणि एप्रिल २०१६ मध्ये रेल्वेने पाणी वाहिले. मिरजेहून लातूरला गेलेल्या त्या जलदूत गाडीच्या वाघिणी कोटा येथे आतून धुऊन आणल्या होत्या. पहिल्या फेरीत १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी गेले, पुढे ५० वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी धावू लागली. मिरज-लातूर हा जुना बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग होता. तो रुंद झाला नसता तर ती गाडी लातूरला पोचलीच नसती. रूळ रुंद करण्याचे काम चालू असते तेव्हा ते कोणाला दिसत नाही, त्याची किंमत अशी एखाद्या उन्हाळ्यात कळते. मराठवाड्याच्या वाट्याला हे उशिराच आले आहे: १९९५ च्या सुमारास मंजूर झालेल्या २६१ किलोमीटरच्या नगर-बीड-परळी मार्गावर बीडपर्यंत प्रवासी गाडी पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, तेही राज्याने निम्मा खर्च उचलल्यावर.

आता आपल्या दाराशी येऊ. कुर्ला ते ठाणे सहा मार्गिका आणि दिवा ते कल्याणही सहा मार्गिका, पण ठाणे ते दिवा फक्त चार, अशी अवस्था कित्येक वर्षे होती. दोन्ही बाजूंनी रुंद असलेल्या बाटलीला मधेच मान! मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, २००८ मध्ये, इथल्या पाचव्या-सहाव्या मार्गिकेला मंजुरी मिळाली आणि ती प्रत्यक्ष सुरू झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये. खाडीवरचे पूल, मुंब्र्याजवळचा उड्डाणमार्ग, रुळालगतच्या घरांचे पुनर्वसन, आणि हे सारे गाड्या चालू ठेवून, रविवारच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे एखादी मार्गिका काही तास बंद ठेवून. आता १९१६ चा, १.३ किलोमीटरचा पारसिक बोगदा मेल-एक्सप्रेससाठी मोकळा झाला आहे आणि जलद लोकल त्यातून जात नाहीत. जुन्या ठाणेकरांना बोगद्यातला तो अंधार आणि पोरांची आरोळी आता फक्त आठवणीतच.

परंतु कल्याणच्या पुढे काय? तिथून कसारा आणि कर्जतकडे आजही प्रामुख्याने जाणारी एक आणि येणारी एक अशा दोनच मार्गिका आहेत आणि त्या दोनांवर तिन्ही वाटेकरी आहेत. आसनगाव, टिटवाळा, बदलापूरच्या लोकांना ‘मेल पुढे काढली’ या तीन शब्दांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मेलला थांबवले तर ती नागपूर-हावड्यापर्यंत उशीर वाहून नेते, लोकलला थांबवले तर मागच्या पाच लोकल अडकतात. मालगाडी बिचारी बोलत नाही, म्हणून तिला साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकतात. पण रेल्वेच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा वाटा तीच मिळवते. काही वर्षांपूर्वी तिकिटावर छापून येऊ लागले होते की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच प्रवाशांकडून वसूल होतात. उरलेला भार मुख्यत्वे त्या साइडिंगला उभ्या असलेल्या गाडीवर पडतो. तिला जितके उभे करू तितका माल ट्रकमध्ये चढतो, आणि तो ट्रक आपल्याला घोडबंदर रस्त्यावर आणि मुंब्रा बायपासवर भेटतो. ठाणेकरांना मालगाडीचा विचार करावा लागतो तो एवढ्यासाठी.

नवी मुंबईची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे शहराच्या आधी किंवा निदान शहराबरोबर रूळ आला. मानखुर्दहून वाशीला १९९२ मध्ये लोकल गेली. त्या मार्गाच्या खर्चातले ६७ टक्के नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने दिले आणि ३३ टक्के रेल्वेने. सिडकोला ते परवडले, कारण स्थानकाभोवतीची जमीन तिच्याच हाती होती. म्हणून वाशी आणि बेलापूरच्या स्थानकांवर कचेऱ्यांचे मजले चढलेले दिसतात. ठाणे स्थानकाभोवती असे करायला जागाच उरली नव्हती. इथे मे-जून २०२४ मध्ये पाच नंबरचा फलाट दोन-तीन मीटर रुंद करायला ६३ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला.

२००४ मध्ये ठाणे-तुर्भे मार्गावर प्रवासी गाड्या सुरू झाल्या आणि ठाण्याचे रूपच पालटले. त्याआधी सकाळची सगळी गर्दी दक्षिणेकडे, मुंबईच्या दिशेने जात असे. आता ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणेच्या कचेऱ्यांत आणि कारखान्यांत जाणारा मोठा लोंढा नऊ-दहा नंबरच्या फलाटाकडे वळतो. उरणपर्यंतची लोकल आणि दिघा गाव स्थानक हे दोन्ही १२ जानेवारी २०२४ रोजी खुले झाले. बेलापूर-पेंधर ही ११ किलोमीटरची मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये धावू लागली.

मेट्रोबद्दल फार बोलणार नाही. नागपूर, पुणे, मुंबईत ती आली आहे आणि वडाळा-कासारवडवली मार्गाचे खांब आपल्या डोक्यावर उभे आहेत. एक भेद मात्र विसरू नये. लोकलचा रूळ १६७६ मिलिमीटर रुंदीचा आणि मेट्रोचा १४३५, म्हणजे एकीची गाडी दुसरीच्या रुळावर जाऊ शकत नाही. मेट्रो लोकलच्या गर्दीतला काही वाटा उचलेल, पण वर सांगितलेल्या तिघांच्या वाटणीत ती भाग घेत नाही.

व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारले की, ‘तुमच्या हाती असते तर आधी काय केले असते?’ मी सांगितले, कळवा-ऐरोली उन्नत मार्ग. डोंबिवलीहून रबाळ्याला जाणारा माणूस आज ठाण्याला उतरतो, जिना चढतो, पूल ओलांडतो, नऊ-दहा नंबरला उतरतो आणि जवळजवळ आला त्याच दिशेने परत खाडीपलीकडे जातो. त्याला ठाण्यात काहीही काम नसते. डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालेला हा मार्ग कळव्याजवळच्या घरांच्या पुनर्वसनावर अडला. ताई म्हणाल्या, ‘मी त्याच रस्त्याने जाते, रोज.’ त्या दिव्याच्या होत्या.