सायकल गावाकडंच का राहते?

(छत्रपती संभाजीनगरमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला नव्यानं दाखल झालेल्या विद्यार्थिनींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आज मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणींची सायकल सध्या गावाकडं ओसरीत उभी आहे, तिच्याबद्दल.

कुणी घनसावंगीहून आलीय, कुणी सोनपेठहून, कुणी पाटोद्याहून, कुणी सेनगावकडून. मघाशी तुमच्याशी बोलले तेव्हा कळलं की हायस्कूलपासून बारावीपर्यंत बहुतेक जणी सायकलनंच शाळेला गेल्या. काहींना ती मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली. हा कार्यक्रम राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत चालतो, आणि त्यात आपल्या मराठवाड्याचे कितीतरी तालुके आहेत. शाळेपासून 5 किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल घ्यायला त्यातून पैसे मिळतात. एसटी जिथं दिवसातून दोनदा येते, तिथं या सायकलीनं किती मुलींची शाळा टिकवली हे मी शिक्षिका म्हणून वर्षानुवर्षं पाहिलंय. सातवीनंतर घरी बसली असती अशी मुलगी बारावी होऊन आज या सभागृहात बसलीय, आणि त्यात त्या दोन चाकांचा मोठा वाटा आहे.

योजना बारावीला संपते, ते समजू शकतं. सायकल चालवणंही बारावीलाच का संपावं? ऊन, पाऊस, चिखल, मोकाट कुत्री, बैलगाड्या आणि उसाचे ट्रॅक्टर या सगळ्यांतून जी मुलगी पाच वर्षं रोज गेली, ती शहरात आली की चौकात उभी राहून शेअर रिक्षाची वाट बघते. रिक्षा भरेपर्यंत निघत नाही. भरली की चौघींच्या जागी सहा जणी. सायंकाळी ग्रंथालयातून उठायची वेळ अभ्यास ठरवत नाही, रिक्षा मिळेल की नाही यावर ठरते. महिन्याचा रिक्षाचा खर्च मेसच्या पैशांतून निघतो, आणि घरी सांगताना जीव संकोचतो तो वेगळाच.

मी स्वतः 1984 साली अंबड तालुक्यातून इथं शिकायला आले. थोरल्या भावानं सायकल एसटीच्या टपावर चढवली, काथ्याच्या दोरीनं आवळून बांधली आणि इथं उतरवून दिली. तेव्हा रस्ते मोकळे होते हे खरं. पण मुलीनं सायकलवर फिरावं का, ही चर्चा तेव्हा आजच्यापेक्षा जास्त होती. आज ती चर्चा उरली नाही, गर्दी मात्र वाढली. म्हणून गर्दीत कसं जायचं ते आधी बोलू.

नव्यानं आलेल्या माणसाला शहर म्हणजे जालना रोड. बाबा पेट्रोल पंप, क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको बसस्थानक, मग चिकलठाणा. बस त्या रस्त्यानं येते, रिक्षा त्याच रस्त्यानं जाते, म्हणून आपल्याला वाटतं शहर एवढंच. सायकलवालीनं हा रस्ता शक्यतो फक्त ओलांडायचा, त्याच्यावरून चालवायची वेळ आणायची नाही. आणावीच लागली तर उड्डाणपुलावर चढायचं नाही, खालच्या रस्त्यानं जायचं. पुलावर गाड्या वेग पकडतात आणि बाजूला सरकायला जागा राहत नाही.

सिडको नीट बघा. सत्तरच्या दशकात वसवायला घेतलेला हा भाग एन-1, एन-2 अशा सेक्टरांत आखलेला आहे. मोठे रस्ते सेक्टरच्या कडेनं जातात आणि आत छोट्या छोट्या गल्ल्या, मधे बाग, मैदान, शाळा. मोटारवाल्याला त्या गल्ल्या वळणावळणाच्या म्हणून नकोशा वाटतात. तुमच्यासाठी त्याच सोन्यासारख्या. टीव्ही सेंटरपासून कॅनॉटपर्यंत बरंचसं अंतर आतल्या गल्ल्यांनी कापता येतं. पहिल्या रविवारी सकाळी सातला निघा, रस्ता चुका, विचारत विचारत परत या. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाले असतात, त्यांना सगळं माहीत असतं.

जुन्या शहराचं गणित वेगळं. मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली, त्यानंतर तट झाले, दरवाजे झाले. बारापुल्ला दरवाजा, मकाई दरवाजा, पाणचक्कीजवळचा महेमूद दरवाजा, या तिन्हींना खाम नदीवरचे पूल जोडलेले आहेत. या दरवाजांची कमान घोडे, पालख्या आणि पायी माणसांच्या मापाची. तिथं मोटार अडखळते आणि सायकल निघून जाते. मिलिंद महाविद्यालय, नागसेनवन, विद्यापीठ या बाजूला ज्यांचं शिक्षण आहे आणि औरंगपुरा-गुलमंडीकडं ज्यांची खोली, त्यांनी हे दरवाजे पाठ करून ठेवावेत. विद्यापीठ औरंगाबाद लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे, त्यामुळे जाताना चढ लागतो. सकाळी दहा मिनिटं आधी निघा, चढाला उतरून चालत गेलात तरी काही बिघडत नाही. येताना सगळा उतार, तेव्हा ब्रेक आधी तपासलेले असले पाहिजेत.

आता ऊन-वाऱ्याचं. चिकलठाणा शहराच्या पूर्वेला. सकाळी तिकडं कामाला किंवा शिकायला जाणाऱ्यांच्या डोळ्यांवर सूर्य येतो, आणि संध्याकाळी परतताना मावळतीचा सूर्य पुन्हा डोळ्यांवरच. आपल्याला त्रास होतो ते आपण टोपीनं भागवतो. धोका दुसराच आहे: मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्याही डोळ्यांवर तोच सूर्य असतो आणि त्याला तुम्ही दिसत नाही. म्हणून पूर्वेकडं जाणारीनं सकाळी भडक रंगाची ओढणी किंवा जॅकेट घालावं आणि मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवावा. पश्चिमेला वाळूजकडं जाणाऱ्यांना सूर्य दोन्ही वेळा पाठीशी, पण आषाढात वारा पश्चिमेकडून येतो, तो तोंडावर. तेव्हा अर्धा तास जास्त धरायचा. आणि मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत अकरा ते चार सायकल काढूच नका. चाळीसच्या वर पारा गेला की आपल्याकडं माणूस सावलीत बसतो, त्यात कमीपणा काही नाही.

रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवायची सवय आपल्याला गावाकडं लागलेली असते. ती इथं सोडा. कडेला वाळू, खडी, काचा, गटारीची झाकणं आणि अचानक उघडणारी मोटारीची दारं असतात. हातभर जागा सोडून, सरळ रेषेत, नागमोडी न जाता चालवा. मागच्याला तुमचा अंदाज आला पाहिजे. वळायच्या आधी हात दाखवा आणि मागं वळून बघा. बस किंवा ट्रक चौकात उभा असेल तर त्याच्या डाव्या बाजूला घुसू नका. तो डावीकडं वळला तर ड्रायव्हरला तुम्ही आरशातही दिसत नाही. हे वाक्य मी पुन्हा सांगते, कारण यात जीव जातो: उभ्या ट्रकच्या डाव्या बाजूला घुसू नका. मागं थांबा.

ओढणीचं तर तुम्हाला माहीतच आहे. पिनेनं आवळा किंवा कमरेला बांधा. मागच्या चाकाची जाळी आणि चेनचं कव्हर काढून टाकलं असेल तर परत बसवून घ्या. सायकल हलकी दिसावी म्हणून मुलं ते काढतात, आपण काढायचं नाही.

तुम्हाला सायकल दुरुस्तीवाल्या काकांच्या दुकानात सगळ्यात जास्त न्यावी लागेल ती पंक्चरसाठी. गावात सराटे, इथं खिळे आणि काचा. पंक्चर स्वतः काढायला शिकाच. टायरची एक बाजू चमच्याच्या मागच्या टोकानंसुद्धा रिमबाहेर येते. ट्यूब ओढा, हवा मारा, पाण्याच्या बादलीत फिरवा. जिथून बुडबुडे येतात तिथं बॉलपेननं खूण करा. ट्यूब कोरडी पुसा, घसपेपरनं रुपयाएवढी जागा खरखरीत होईपर्यंत घासा. सोल्युशन पातळ लावा आणि थांबा. इथंच सगळ्या घाई करतात. ओल्यावर पॅच बसत नाही. बोट टेकवलं तर बोटाला लागू नये इतकं ते सुकलं पाहिजे, मग पॅच दाबायचा आणि वरून पान्याच्या बुंध्यानं ठोकायचा. पण ट्यूब परत आत घालण्याआधी टायरच्या आतून सगळीकडं बोटं फिरवा, हळू, कारण काटा टोचेल. तो सराटा किंवा काचेचा कण टायरमध्येच राहिला असेल, तर तुम्ही गेटपर्यंत पोचायच्या आत पुन्हा हवा गेलेली असणार. पॅच, सोल्युशन, घसपेपर आणि हवेचा छोटा पंप, एवढं साहित्य दप्तराच्या कप्प्यात मावतं.

चाकाला आउट आला म्हणजे ते डोलत फिरायला लागलं, छर्रे वाजायला लागले, ते मात्र मिस्त्रीकडंच द्या. सीटची उंची तुम्ही स्वतः लावा: पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर टेकवली की पाय सरळ व्हावा. आपल्याकडं सीट खाली ठेवतात, पाय टेकावेत म्हणून. गुडघे दुखतात ते बहुतेक त्यामुळंच.

हे झालं आपल्या हातातलं. आता जे आपल्या हातात नाही, त्याबद्दल मला जरा रागानंच बोलायचं आहे.

हे शहर दुचाकी बनवणारं शहर आहे. वाळूजला 1985 मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, घराघरात रोजगार आला, आणि शहराची घडी गाडीभोवती बसली. त्याबद्दल तक्रार करायचं कारण नाही. पण 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्पष्ट म्हटलंय की रस्त्यावरच्या जागेचा विचार गाड्यांसाठी न करता माणसांसाठी करावा, आणि पायी चालणाऱ्यांना व सायकलींना त्यात जागा द्यावी. नांदेडला 2008 च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्तानं केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेतून रस्ते नव्यानं केले, तेव्हा काही रस्त्यांवर पदपथाबरोबर सायकलींची वेगळी पट्टी आखली होती. म्हणजे मराठवाड्यात हे होऊच शकत नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी नांदेडला जाऊन यावं. रस्त्याचं काम निघतं तेव्हा आराखडा बघायला जाणारी मंडळी कोण असतात? दुकानदार असतात, नगरसेवक असतात, कंत्राटदार असतो. सायकलवरून जाणारी मजूर बाई, दूधवाला आणि विद्यार्थिनी तिथं नसतात. तुम्ही जा. पदवीच्या मुली गटानं गेल्या तर कुणाला हाकलून देता येत नाही.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतून बायकांना सायकल शिकवली. हजारो बायका शिकल्या, खाणीतल्या कामगार, शेतमजूर, अंगणवाडीच्या ताई. सायकल चालवणं हा मोहिमेचा भाग आहे असं तिथल्या प्रशासनानं ठरवलं, म्हणून ते झालं. आपल्याकडं शासन शाळेपर्यंत सायकल देतं आणि पुढं विचारतही नाही.

सगळ्यात आधी मागायची गोष्ट मोठ्या रस्त्याची नाही. ती इथलीच, या आवाराची आहे. वसतिगृहात पत्र्याचं छप्पर असलेली, कुलूप लावून चेन बांधता येईल अशी लोखंडी पट्टी हवी. भिंतीला टेकून सायकल उघड्यावर राहिली तर एका पावसाळ्यात चेन गंजते आणि मुलगी पुन्हा रिक्षात बसते. प्राचार्यांना अर्ज लिहा, सह्या घ्या. शंभर सह्या असल्या की त्या कागदाला वजन येतं.

राहिला प्रश्न सायकल गावाहून आणायची कशी. नव्या बसना टप नसतो, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी आगारात चौकशी करा, डिकीत बसत असेल तर लगेजचं तिकीट काढून मिळतं. परभणी, जालना, नांदेडकडून रेल्वेनं येणाऱ्यांनी स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसात सायकल बुक करावी. पायडल काढून घ्या, हँडल आडवं फिरवा, नावाची चिठ्ठी नळीला दोन ठिकाणी बांधा आणि पावती जपून ठेवा. आणि दिवाळीला गावी जाल तेव्हा गेल्यागेल्या पहिलं काम हे करा की ओसरीतल्या सायकलीत हवा आहे का बघा. नसेल तर मी आत्ता सांगितलेलं साहित्य घेऊन बसा. धाकट्या बहिणीला सोबत घ्या, तिची सातवी झाली असेल तर तिलाही लवकरच लागणार आहे.