वेखंड, तज आणि अहरोनाची दाढी

नमस्कार, श्रोतेहो.

काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन हिराबोळ, दालचिनी, तज आणि वेखंड मागा. दुकानदाराला वाटेल, घरात बाळंतीण आहे. पण हेच सामान बायबलमधल्या अभिषेकाच्या तेलाचं.

'निर्गम' पुस्तकाच्या ३०व्या अध्यायात ही कृती चक्क वजनासकट दिली आहे. हिराबोळ ५०० शेकेल, दालचिनी २५०, एक सुगंधी बोरू २५०, तज ५०० आणि जैतुनाचं तेल एक हिन. तो बोरू म्हणजे वेखंडच, असं बरेच अभ्यासक मानतात. आता हिशेब करा. शेकेल साधारण ११ ग्रॅमचा, म्हणजे मसाला झाला सुमारे १७ किलो आणि तेल जेमतेम चार ते सहा लिटर! घरी माक्याचं तेल काढणारी कुणीही म्हणेल, अहो, याचा लगदा होईल, तेल निघणार कुठून? तालमूद या ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात रब्बी (धर्मपंडित) योसे यांनी हीच शंका काढली. त्यांचं म्हणणं असं, की मुळ्या आधी पाण्यात भिजवल्या, वर तेल ओतलं, तेलानं वास ओढून घेतला आणि मग ते वरच्यावर काढून घेतलं. मला हे रब्बी फार आवडतात. धर्मग्रंथ वाचतानाही त्यांना भांडं दिसतं.

या तेलानं निवासमंडप म्हणजे तंबूतलं देवालय, वेदी, दीपवृक्ष आणि मोशेचा भाऊ, पहिला महायाजक (मुख्य पुरोहित) अहरोन यांना पवित्र केलं. बायबलमधल्या एका स्तोत्रात तर ते अहरोनाच्या दाढीवरून झग्याच्या गळ्यापर्यंत ओघळतं. साध्या माणसाच्या अंगाला मात्र लावायचं नाही, घरी तसलं बनवायचंही नाही. बनवलं तर समाजातून उच्छेद. पुढे राजांनाही अभिषेक होऊ लागला. शमुवेल संदेष्ट्यानं पुढे राजा झालेल्या दावीदाच्या डोक्यावर शिंगातून तेल ओतलं. अशा अभिषिक्ताला हिब्रूत म्हणतात 'मशीहा', ग्रीकमध्ये 'ख्रिस्तोस'.

परंपरा सांगते, की यहूदाच्या योशीया राजानं ते तेल लपवलं आणि ते पुन्हा सापडलं नाही. जेरुसलेमच्या दुसऱ्या मंदिरातला महायाजक नुसत्या वस्त्रांनीच महायाजक ठरे. (आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून 'शनवार तेली'. पण ते तेल पोटापाण्याचं.)

येशूला बेथानीत एका बाईनं जटामांसीचं तेल लावलं. ही जटामांसी हिमालयातली; किंमत ३०० दिनार, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. शिष्य कुरकुरले. पुढे बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात मात्र तेल थेट आजाऱ्याच्या खाटेपाशी आलं: मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलवा, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी.

कॅथलिक चर्चमध्ये पवित्र आठवड्यात, बहुधा गुरुवारी, बिशप तीन तेलं सिद्ध करतात. एक बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांसाठी, एक आजाऱ्यांसाठी आणि तिसरं बाल्सम हा सुगंधी डिंक घातलेलं क्रिस्मा. क्रिस्मावर बिशप फुंकर घालतात. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी जैतून मिळत नसेल तिथे दुसरं वनस्पती तेल चालेल, अशी मोकळीक दिली.

आजाऱ्याचं तेल धर्मगुरू छोट्याशा डबीत कापसावर घेऊन येतात. अंगठा टेकवून कपाळाला लावतात, मग दोन्ही तळहातांना. दाढीवरून ओघळण्याइतकं ते नसतंच. आणि त्याला वास असतो तो साध्या तेलाचा.