जाड ऑइलने गप्प केलेलं इंजिन

(इंदूरमध्ये झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या मोटारीच्या इंजिनाचे आवाज आणि त्यांचं निदान’. आवाजांकडे मी येणारच आहे. पण आधी थोडा वेळ मला बाटलीवर बोलू द्या. पुढच्या रांगेतल्यांनी दचकू नये, ऑइलच्या बाटलीवर.

प्रसंग तुमच्या ओळखीचा आहे. एमपी 09 ची गाडी, पंधरा वर्षं उलटलेली, आरसीला पाच वर्षांची मुदत वाढवून घेतलेली. मे महिना. ओंकारेश्वरहून परत येताना गाडी सिमरोलचा घाट चढून येते, भंवरकुआं चौकात सिग्नलला थांबते आणि समोर ऑइलच्या झारीचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबला की विझतो, सोडला की परत. दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे. मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधीच सांगतो, “बाबूजी, गाढ़ा तेल डलवा लो, बंद हो जाएगा.” 20डब्ल्यू-50 हे जाड ऑइल पडतं. दिवा बंद, खालची टकटकही बंद. मिस्त्रीच्या हाताला गुण आहे असं घरात ठरतं. काही हजार किलोमीटरांनी कनेक्टिंग रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर डोकावतो, तेव्हा मात्र दोष नशिबाला.

मिस्त्रीवर माझा राग नाही. समोरच्याला स्वस्तातला उपाय हवा आहे हे तो चेहऱ्यावर वाचतो. माझा राग आहे तो मोजण्याआधी औषध देण्यावर.

हा दिवा म्हणजे काय ते आधी बघू. पुष्कळांना वाटतं, ऑइल कमी झालं की तो लागतो. ऑइल किती आहे हे त्याला कळतच नाही. ब्लॉकवर, बहुधा फिल्टरच्या आसपास, एक छोटा स्विच असतो. ऑइलचं प्रेशर साधारण 0.2 ते 0.5 बारच्या (बार हे दाबाचं माप) खाली गेलं की तो दिव्याची वायर अर्थ करतो, म्हणजे ब्लॉकला जोडतो. काम एवढंच. निरोगी इंजिन गरम असताना, 3000 आरपीएमला, साडेतीन-चार बार देतं. म्हणजे चारावरून अर्ध्यावर येईपर्यंत दिवा तोंड उघडत नाही, आणि उघडतो तेव्हा बोलण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. गंमत बघा, माळव्यातल्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर ऑइल प्रेशरचा काटा असतो आणि आपल्या मोटारीत नुसता दिवा. शेतकऱ्याला आकडा समजतो, डॉक्टर-वकिलांना समजत नाही, असं कंपन्यांचं मत असावं.

आता प्रेशर येतं कुठून? ‘पंपातून’ असं सगळे म्हणतात. पंप प्रेशर तयार करत नाही, तो ऑइल ढकलतो. त्या ऑइलला पुढे अडवणूक होते म्हणून प्रेशर दिसतं. आपल्याकडे जलूदहून नर्मदेचं पाणी चढवून आणतात. तिथले पंप ठणठणीत असले, तरी वाटेत लाइन चार ठिकाणी गळत असेल तर टोकाच्या घरात नळाला धार येत नाही. इंजिनात ही गळती बेअरिंगांच्या कडेने होते. क्रँकचा, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याचा, जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आणि बेअरिंग यांत नव्या इंजिनात 0.02 ते 0.05 मिलिमीटर फट असते. आणि गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 0.04 ची फट 0.08 झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणून जुनं इंजिन बरीच वर्षं ठीक वाटतं आणि मग एका उन्हाळ्यात एकदम ढासळतं.

इथे मला बोशॅम्प टॉवर या इंग्रज इंजिनिअरची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. संयोजक घड्याळाकडे बघतायत, बघू द्या. 1883 साली तो रेल्वेच्या अ‍ॅक्सलसारख्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. जर्नल खाली ऑइलमध्ये बुडून फिरतोय, वर अर्ध्या गोलाची बेअरिंग बसवलेली, तिच्यावर वजन. वरून ऑइल सोडायला म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं. तर त्या भोकातून ऑइल आत जायच्या ऐवजी बाहेर यायला लागलं. त्याने बूच बसवलं, ऑइलने ते ढकललं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर. शेवटी त्याने तिथे गेज लावला आणि काटा दोनशे पौंडांच्या वर गेला. बेअरिंगवरचं सरासरी वजन होतं चौरस इंचाला शंभर पौंड. पंप कुठेच नव्हता! फिरणारा जर्नल स्वतःच ऑइलला निमुळत्या फटीत ओढत होता आणि त्या ऑइलवर तरंगत होता. याचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने 1886 मध्ये मांडलं.

तुमच्या गाडीत आजही हेच चालतं. क्रँकला उचलून धरणारं प्रेशर या पातळ थरात तयार होतं आणि ते शेकडो बार असतं. पंपाच्या तीन बारने क्रँक उचलला जात नाही. पंपाने फक्त ऑइल पोचवत राहायचं. म्हणजे महत्त्व प्रवाहाला आहे, आणि काट्यावरचं प्रेशर ही त्या प्रवाहाची आडून मिळालेली बातमी.

आता जाड ऑइलचा हिशेब लावा. 100 अंशांना 30 ग्रेडची (ग्रेड म्हणजे बाटलीवरचा शेवटचा आकडा) चिकटाई 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक (चिकटाईचं माप), 40 ची 16.3 पर्यंत आणि 50 ची थेट 21.9 पर्यंत. वाढलेल्या फटीतून जाड ऑइल हळू गळतं, म्हणून प्रेशर वाढलेलं दिसतं. फट तेवढीच राहते. जर्नल लांबट गोल झाला असेल तर लांबट गोलच राहतो. थंडीत पहाटे हेच ऑइल वरच्या कॅमपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, उशिरा पोचतं. प्रेशर फार चढल्याने जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून त्यातलं बरंचसं परत चेंबरकडे, म्हणजे खालच्या ऑइलच्या भांड्याकडे, वळतं. फिल्टरचा बायपास उघडला, तर न गाळलेलं ऑइल बेअरिंगांत जातं. हायड्रॉलिक टॅपेट किंवा व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगच्या गाडीत तर ऑइलच्या बारीक वाटा पातळ ग्रेड धरूनच आखलेल्या असतात. मात्र एक सांगतो, गाडीच्या पुस्तकात तापमानाप्रमाणे 30 आणि 40 दोन्ही दिले असतील तर इंदूरच्या उन्हाळ्यात 40 खुशाल टाका. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पुस्तकाबाहेर जाऊन लक्षणं झाकण्याला.

याचा सख्खा भाऊ म्हणजे डिझेल घालून फ्लश. वर्षानुवर्षं बसलेला काळा गाळ डिझेलने एकदम सुटतो आणि जाऊन बसतो पंपाच्या ओढनळीच्या तोंडाशी असलेल्या स्ट्रेनरच्या जाळीवर. काल दिवा लुकलुकत होता, आज लागूनच राहतो. गाळ असेल तर चेंबर उतरवून हाताने काढा. नाहीतर योग्य ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर लागोपाठ दोन-तीनदा, दीड-दोन हजार किलोमीटरांनी बदला.

तर, काटा. साधा यांत्रिक ऑइल प्रेशर गेज एखाद-दुसऱ्या ऑइल चेंजच्या खर्चात येतो. आधी डिपस्टिक बघा. गाडी सपाटीवर हवी, इंजिन बंद करून पाच मिनिटं झालेली हवीत. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक मोटारींत लिटरभराचा फरक असतो. ऑइल कमी असेल तर उत्तर तिथेच मिळालं. ऑइल वाढलेलं असेल तर जास्त काळजी करा. रोज पलासिया ते राजवाडा एवढंच चालणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापत नाही, न जळलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ करतं. डिपस्टिक हुंगा, वास येतो. ऑइल दुधाळ असेल तर कूलंट शिरलंय. तशी गाडी चालवू नका.

मग स्विचची वायर काढा आणि इग्निशन ऑन करा. दिवा विझला पाहिजे. वायर ब्लॉकला टेकवली की लागला पाहिजे. वायर काढूनही दिवा लागलेलाच असेल तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागली आहे, इंजिनाचा दोष नाही. हे जमलं की स्विच काढा आणि त्याच्या जागी गेज बसवा. जपानी घराण्याच्या गाड्यांत बहुधा 24 नंबरचं डीप सॉकेट आणि एक-अष्टमांश इंची पाइपचे आटे असतात. युरोपियन गाड्यांत बऱ्याचदा 10 मिलिमीटरचे बारीक. पाइपचे आटे निमुळते असतात, अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये जोर लावाल तर चीर जाईल. टेप लावायचीच तर पहिला आटा मोकळा ठेवा, म्हणजे तुकडा आत जाणार नाही. स्विच परत बसवताना मात्र टेप नको, एका वायरचा स्विच आट्यांतूनच अर्थ घेतो.

गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा. पाणी तापलं म्हणजे ऑइल तापलं असं नाही, ऑइल मागून तापतं. रेडिएटरचा पंखा दोनदा फिरला की आकडे घ्या: आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता), 2000 ला आणि 3000 ला. पुस्तकातला आकडा हाताशी नसेल तर जुना ठोकताळा असा, की हजार आरपीएमला दहा पीएसआय, म्हणजे साधारण 0.7 बार. गरम आयडलला एक बार असेल तर निवांत राहा, अर्धा असेल तर खोलायची तयारी करा.

आकड्यांपेक्षा त्यांची चाल महत्त्वाची. थंड असताना छान, गरम आयडलला पडतं, आरपीएमबरोबर वाढतं: बेअरिंगची फट, नाहीतर पातळ झालेलं ऑइल. ऑइल आणि फिल्टर बदलून पुन्हा मोजा, दोघांपैकी कोण ते कळतं. थंड-गरम, सगळ्या आरपीएमला कमी: पंप किंवा उघडाच अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह. सुरुवातीला ठीक आणि जास्त आरपीएमला उलट घसरतं: स्ट्रेनर तुंबलाय. वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर पडतं: ऑइल कमी आहे. सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-चार सेकंद उशिरा चढतं: फिल्टरमधला परत गळू न देणारा व्हॉल्व्ह गेला, किंवा पंपाच्या ओढनळीची ओ-रिंग कडक होऊन हवा ओढतेय.

स्ट्रेनरबद्दल दोन वाक्यं जास्त. आपल्या गल्लीबोळांतले स्पीडब्रेकर चेंबरला खालून पोचा पाडतात. स्ट्रेनर आणि चेंबरचा तळ यांत जागा असते काही मिलिमीटर; पोचा आत आला की जाळीचं तोंडच दाबलं जातं. पंप बदलूनही प्रेशर येत नाही अशा गाडीखाली आधी हात फिरवून बघावा. दुसरं, चेंबर बसवताना बोटभर सिलिकॉन लावतात. बाहेर दिसतं तेवढंच आतही पिळलं जातं, त्याचे शेवयांसारखे तुकडे सुटतात आणि जाळीवर जाऊन बसतात. दोन-तीन मिलिमीटरची एकसंध रेघ पुरते.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे: दहा मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता सुरू होतोय. भराभर घेऊ.

आवाज ऐकताना पहिला प्रश्न वेगाचा. कॅमशाफ्ट क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो. 900 च्या आयडलला वरचे आवाज सेकंदाला सात-आठ, खालचे पंधरा. डिस्ट्रिब्युटरच्या जुन्या गाडीत टायमिंग लाइट (प्लग पेटला की झगमगणारा दिवा) पहिल्या प्लगच्या वायरीला लावा. एका झगमगाटाला एक ठोका असेल तर आवाज वरचा, दोन असतील तर खालचा.

दुसरा प्रश्न जागेचा. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला लावा, टोक इंजिनावर ठिकठिकाणी टेकवा. फिरत्या बेल्टपासून आणि पंख्यापासून लांब राहा. शंका असेल तर बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिटच चालवा. आवाज गेला तर तो अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा टेन्शनरचा होता. बेअरिंगचा खर्च वाचला.

तिसरी परीक्षा, सिलिंडर एकेक करून बंद करणं. इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरचं कनेक्टर काढा, प्लगची वायर नको. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. कॉमन रेल डिझेलमध्ये इंजेक्टरच्या नळीचं युनियन सैल करण्याचा जुना प्रकार अजिबात करू नका. तिथे हजार बारच्या वर प्रेशर असतं, ते कातडी भेदून आत जातं.

आता ओळख. हलकी टिकटिक, वरून, अर्ध्या वेगाने: व्हॉल्व्ह ढकलणारा टॅपेट, फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) क्लिअरन्स, म्हणजे फट, बघा. थंड इंजिनात तशीच टिकटिक आणि गरम झाल्यावर कमी: एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅसकेटही असू शकतं, तिथे काजळी दिसते. स्टार्टला दोन-तीन सेकंद पुढून खडखड: टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर. थंडीत पोकळ थापटल्यासारखा आणि तापल्यावर जाणारा: पिस्टन स्लॅप (पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो), बरीच वर्षं निभावतो. आयडलला जोडठोका, सिलिंडर बंद केल्यावर बदलणारा: पिस्टन आणि रॉड जोडणारी गजन पिन. 2000-2500 च्या आसपास अ‍ॅक्सिलरेटर सोडताना स्पष्ट ठकठक, आणि तो सिलिंडर बंद केला की जवळजवळ थांबणारी: बिग एंड, म्हणजे रॉडची क्रँककडची बेअरिंग. गाडी तिथेच उभी करा. चढावर जोर लावल्यावर खोल धप्प, शेजारचे दोन सिलिंडर बंद केल्यावर कमी: क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारी मेन बेअरिंग.

खोलायच्या आधी जुना फिल्टर कापून कागद उलगडा. चुंबकाला चिकटतो तो स्टीलचा कीस. न चिकटणारा तांबूस चमकता कीस म्हणजे बेअरिंगचा वरचा थर संपून आतलं तांबं उघडं पडलंय. चेंबर उतरवल्यावर बेअरिंगची एक कॅप काढा, जर्नल पुसून कोरडा करा, प्लास्टिगेजचा (फट मोजायच्या मऊ धाग्याचा) तुकडा लांबीला ठेवा, कॅप पुस्तकातल्या टॉर्कला आवळा, क्रँक मुळीच फिरवू नका, पुन्हा उघडा आणि चपटलेल्या पट्टीची रुंदी पाकिटावरच्या मापाशी ताडा. 0.08 मिलिमीटरच्या पुढे बहुतेक लहान गाड्यांची मर्यादा संपते. जर्नल गोल आणि गुळगुळीत असेल तर स्टँडर्ड बेअरिंग चालेल. ओरखडे नखाला लागत असतील तर क्रँक ग्राइंड करून 0.25 मिलिमीटरची अंडरसाइझ, म्हणजे बारीक झालेल्या जर्नलला बसणारी. नुसत्या बेअरिंगी बदलून ओरखड्यांवर बसवल्या तर पैसे पाण्यात.

वाटेत दिवा लागूनच राहिला तर काय, असं मागून कोणीतरी विचारलं. इंजिन बंद, त्याच सेकंदाला. ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत’ नाही. डिपस्टिक बघा, ऑइल कमी असेल तर घाला आणि स्टार्ट करा. दिवा विझला नाही किंवा ठकठक ऐकू आली तर टोइंग.

गेज आणि तीन अ‍ॅडॉप्टर इथे टेबलावर ठेवलेत. ज्यांची गाडी आवारात आहे त्यांनी आधी पंधरा मिनिटं चक्कर मारून या. थंड इंजिनावर मी काटा लावणार नाही.