जूनच्या पाण्याचा परवाना

(दृश्य : पांढरी, अंधारलेली सपाटी. दूरवर ड्रिलच्या यंत्राचे दिवे. वाऱ्याचा आवाज.)

उत्तर अलास्का. फेब्रुवारी. तापमान उणे ३५ अंश. नजर पोहोचते तिथवर वाहतं पाणी कुठंच नाही. तरीही समोरचं ड्रिल चाललंय ते पाण्याच्या गुणवत्तेच्या परवान्यावर. काम दिसायला साधं आहे: भोक पाडायचं, त्यात पोलादी खांब उभा करायचा, पुढं सरकायचं. या खांबांवरून तेलाची पाइपलाइन जाणार आहे. एवढ्यासाठी पाण्याचा परवाना कशाला, हे समजायचं तर याच जागी जूनमध्ये यायला हवं.

(दृश्य : तीच जागा, जून. बहुकोनी डबकी, गवत, पक्ष्यांचा कलकलाट.)

जूनमध्ये इथं पाऊल टाकलं की घोटाभर पाणी. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला पडतं ते २५ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे हिशेब वाळवंटाचा आणि जमीन मात्र चिंब. कारण खाली आहे. उत्तर किनाऱ्यावरच्या प्रूडो बे तेलक्षेत्राजवळ जमीन सुमारे ६०० मीटर खोलीपर्यंत कायमची गोठलेली आहे, आणि उन्हाळ्यात वरचा ३० ते ६० सेंटिमीटरचा थर तेवढा वितळतो. पाणी खाली मुरत नाही, आणि सपाटीमुळं आडवंही फारसं सरकत नाही. जिथं सरकतं तिथं ते बोटभर उताराचा आधार घेऊन सरकतं. त्या बोटभर उतारावर कुणी भराव टाकला, की एका बाजूला तळं साठतं आणि दुसरी बाजू सुकते.

म्हणून कायदा भरावापासून सुरू होतो. अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याचं कलम ४०४ सांगतं की नदी, तळं किंवा पाणथळ जमिनीत माती-खडीचा भराव टाकायचा असेल तर लष्कराच्या अभियंता दलाचा परवाना हवा. या दलाला तिथं सगळे ‘कोअर’ म्हणतात. कलम ४०१ पुढं जातं: कोअरचा परवाना राज्याच्या प्रमाणपत्राशिवाय मिळत नाही. या कामामुळं आमच्या पाण्याची मानकं मोडणार नाहीत, असं अलास्काच्या पर्यावरण संवर्धन खात्यानं लिहून द्यायचं. खातं नकार देऊ शकतं, अटी घालू शकतं, हक्क सोडूही शकतं. जास्तीत जास्त एका वर्षात ते काहीच बोललं नाही, तर हक्क सोडला असं धरलं जातं. घातलेल्या अटी मात्र थेट कोअरच्या परवान्याचा भाग होतात, आणि पुढं कंत्राटदाराला तंगवतात त्या बहुधा याच.

त्या मानकांतले काही आकडे. पिण्यासाठी राखलेल्या पाण्याचा मूळ गढूळपणा ५० एनटीयूपर्यंत (एनटीयू म्हणजे गढूळपणा मोजायचं एकक) असेल, तर कामामुळं त्यात ५ पेक्षा जास्त भर पडता कामा नये. जलचरांसाठी वाहत्या पाण्यात २५ ची मुभा, तळ्यात ५ चीच. माशांच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला ७ मिलिग्रॅमच्या वर हवा. बेंझिन, टोल्युइन अशा अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बनांची बेरीज लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या आत. आणि पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर आकडा काढत बसायचीही गरज नाही.

यातला चकवा ‘मूळ’ या शब्दात आहे. बर्फ फुटतं तेव्हा कॉल्व्हिलसारखी नदी स्वतःच गाळानं तपकिरी झालेली असते. त्या दिवसांतलं कामाआधीचं मोजमाप हाताशी नसेल, तर नंतर कामाच्या खालच्या अंगाला गढूळ पाणी सापडल्यावर कंपनीला बचाव करता येत नाही आणि खात्याला आरोपही. म्हणून नमुने जोडीनं घ्यायचे: एक कामाच्या वर, एक खाली, त्याच तासाला.

(दृश्य : जुलै. गमबूट घातलेले सर्वेक्षक फावड्यानं छोटा खड्डा खणताहेत.)

अर्जाआधी पाणथळ जमिनीचा नकाशा लागतो. वनस्पती, माती आणि पाणी, तिन्हींच्या खुणा जुळल्या तर ती जागा पाणथळ. त्यासाठी खड्डा खणून मातीचा रंग पाहावा लागतो, आणि ते जुलै-ऑगस्टच्या काही आठवड्यांतच जमतं. हा हंगाम हुकला की वर्ष गेलं. खरं तर इथं पाणथळ जागा शोधाव्याच लागत नाहीत, शोधावी लागते ती कोरडी: नदीकाठची वाळूची टेकडी, एखादा खडीचा पट्टा. संपूर्ण अलास्कात पाणथळ जमीन सुमारे १७.४ कोटी एकर धरली जाते, राज्याच्या क्षेत्राच्या ४३ टक्के.

कोअरचा नियम म्हणतो, आधी नुकसान टाळा, मग कमी करा, उरेल त्याची भरपाई करा. इतर राज्यांत भरपाई म्हणजे कधीकाळी शेतीसाठी सुकवलेली दलदल पुन्हा ओली करणं. उत्तर अलास्कात सुकवलेली दलदलच जवळपास नाही, मग पुन्हा ओली करायची काय? कोअर आणि केंद्राची पर्यावरण संस्था यांनी २०१८ च्या जूनमध्ये एका करारनाम्यात ही अडचण लेखी मान्य केली. त्यामुळं सगळा भार पहिल्या दोन शब्दांवर येतो, टाळा आणि कमी करा. पाइपलाइन खांबांवर चढते ती म्हणूनच.

(दृश्य : ट्रान्स-अलास्का पाइपलाइन, हवाई चित्रण. नागमोडी पोलादी रेघ.)

पुरली तर काय होतं? तेल कोमट असतं. भोवतालची बर्फाळ माती वितळून पातळ चिखल होते, पाइप खचतो. शिवाय चर म्हणजे पाण्याला आयता नाला. भरलेली माती दबली की आजूबाजूची डबकी त्यात रिकामी होतात. १९७७ मध्ये सुरू झालेली ट्रान्स-अलास्का पाइपलाइन सुमारे १,२८७ किलोमीटर लांब आहे, आणि तिचा निम्म्याहून जास्त भाग जमिनीच्या वर आहे, सुमारे ७८,००० आधारखांबांवर. जिथं जमीन वितळायची भीती, तिथं खांबांत अमोनिया भरलेल्या नळ्या आहेत. हिवाळ्यात खालच्या उष्णतेनं अमोनिया उकळतो, वर येऊन नळीच्या टोकावरच्या धातूच्या पंखांत थंड होतो, पुन्हा खाली उतरतो. ना पंप, ना वीज. उत्तरेकडच्या नव्या, छोट्या लाइनींना सहसा याची गरज पडत नाही, कारण तिथली जमीन मुळातच जास्त थंड आहे.

आता हा खांब. आधी ड्रिलनं खांबापेक्षा रुंद भोक पाडायचं. खांब ओळंब्यात धरायचा. भोवतीच्या फटीत वाळू आणि पाण्याचा रबडा ओतायचा आणि तो गोठू द्यायचा. सिमेंट नाही. गोठलेली वाळू खांबाला जी पकड देते तिच्यावरच सगळं वजन. पकड बसायच्या आत पाइप चढवला तर खांब खचतो. भोक उथळ राहिलं तर वरचा थर दर हिवाळ्यात फुगताना खांबाला इंचाइंचानं वर उपटतो. समुद्राजवळच्या खारट मातीत पकड आणखी कमी, तिथं खोली वाढवावी लागते.

पाण्याच्या बाजूनं पाहिलं तर खरी भानगड भोकातून निघालेल्या मातीची. नुसता खांब रोवणं कोअरच्या नियमात सहसा भराव धरत नाहीत. पण निघालेली माती तिथंच पसरली की तो भराव, आणि वसंतात तोच गाळ. ती उचलून न्यायची असते. बर्फावर सांडलेली काळी माती उन्हात तापते, आजूबाजूचं बर्फ आठवडाभर आधी वितळवते, आणि तिथं खळगा पडायला सुरुवात होते. पाइप जमिनीपासून निदान २.१ मीटर उंच हवा, रेनडिअरचे कळप खालून जावेत म्हणून. रस्त्यापासून निदान १५० मीटर दूर हवा, तोही त्यांच्यासाठीच.

(दृश्य : टँकर पाणी शिंपडताहेत, बर्फाचा रस्ता तयार होतोय.)

यंत्रं इथं येतात बर्फाच्या रस्त्यानं. किनारपट्टीच्या भागात ३० सेंटिमीटर खोलीवर माती उणे ५ अंशांवर पोहोचली आणि वर १५ सेंटिमीटर बर्फ साठलं, तरच राज्य टुंड्रा, म्हणजे ही झाडं नसलेली गोठलेली सपाटी, यंत्रांसाठी ‘उघडतं’. १९७० च्या दशकात असे दिवस वर्षाला २०० च्या वर मिळायचे, २००० च्या सुमारास ते जवळपास निम्म्यावर आले. रस्त्याला पाणी लागतं मैलाला सुमारे १० लाख गॅलन, म्हणजे किलोमीटरला साधारण २३ ते २४ लाख लिटर. ते येतं तळ्यांतून, आणि इथं हिशेब चुकला तर मासे मरतात.

हिवाळ्याच्या शेवटी तळ्यावरचं बर्फ सुमारे २ मीटर जाड होतं. त्याहून उथळ तळं तळापर्यंत गोठतं, त्यात मासा हिवाळा काढू शकत नाही. खोल तळ्यात बर्फाखाली जे पाणी उरतं तेवढंच माशांचं घर. त्यात हवेतून नवा प्राणवायू येत नाही, आणि गोठणाऱ्या पाण्यानं बाहेर टाकलेले क्षार त्यातच साठतात. म्हणून नॅशनल पेट्रोलियम रिझर्व्ह या तेलासाठी राखलेल्या सरकारी प्रदेशाच्या २०१३ च्या नियमांत संवेदनशील मासे असलेल्या तळ्यातून ७ फुटांखालच्या पाण्याच्या १५ टक्केच उचलता यायचं. तग धरणारे काटेमासे किंवा ब्लॅकफिश एवढेच असतील, तर ५ फुटांखालच्या पाण्याच्या ३० टक्के. मासेच नसतील, तर एकूण पाण्याच्या ३५ टक्के. म्हणजे उन्हाळ्यात तळ्याची खोली नीट मोजलेली नसेल, तर हिवाळ्यात टँकर भरायला परवानगीच नाही. पंपाच्या तोंडाला जाळी हवी, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात.

(दृश्य : नदीचा फाटा, त्यावर पूल आणि पुलाला जोडून पाइप.)

सगळ्यात मोठा वाद नदी ओलांडण्यावर झाला. कॉल्व्हिल नदीच्या त्रिभुज प्रदेशात नुइक्सुट हे इनुपियाक लोकांचं गाव आहे. त्यांची आर्क्टिक सिस्कोची मासेमारी निग्लिक नावाच्या फाट्यात चालते. अल्पाइन तेलक्षेत्राची मुख्य पाइपलाइन कॉल्व्हिलच्या तळाखालून, आडव्या ड्रिलिंगनं नेलेली होती. पश्चिमेच्या सीडी-५ या नव्या ठिकाणासाठी कंपनीनं मात्र निग्लिकवर पूल आणि रस्ता मागितला. २०१० च्या फेब्रुवारीत कोअरनं नकार दिला: नदीखालून जा, रस्त्याशिवाय विमानानं काम चालवा, पाणथळाला त्यानं कमी धक्का लागेल. कंपनीनं अपील केलं, आणि २०११ च्या डिसेंबरमध्ये कोअरनं काही बदलांसह पुलालाच परवाना दिला.

एकाच कायद्यातून दोन वर्षांत दोन उत्तरं कशी निघाली? नदीखालच्या पाइपला जमिनीवर जागा लागत नाही. पण तो फुटला तर दिसत नाही, आणि गोठलेल्या मातीतून तेल हळूहळू कुठं जाईल ते सांगता येत नाही. पुलावरचा पाइप डोळ्यांसमोर असतो, गळती झाली तर रस्त्यानं माणसं पोहोचतात. त्याची किंमत म्हणजे खडीचा रस्ता, म्हणजे भराव. खालून ड्रिल करताना आणखी एक धोका असतो. भोकात दाबानं फिरणारा बेंटोनाइटचा, म्हणजे चिकणमातीचा गारा एखाद्या भेगेतून थेट नदीत फुटतो. गारा परत किती येतोय आणि दाब अचानक का पडला, हे मिनिटामिनिटाला पाहावं लागतं. आमच्या मते २०११ चं उत्तर तेल वाहण्याच्या काळासाठी बरं आहे आणि बांधकामाच्या काळासाठी वाईट. गावातल्या काहींनी कोर्टात धाव घेतली. बदललेल्या आराखड्याचा पर्यावरणीय अभ्यास नव्यानं का नको, हे कोअरनं नीट सांगितलं नाही, असं २०१४ मध्ये न्यायालयानं म्हटलं. काम थांबलं नाही. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये सीडी-५ मधून तेल आलं.

दृष्टीआडचा पाइप काय करतो, याचा दाखला प्रूडो बेमध्येच आहे. २००६ च्या मार्चमध्ये ३४ इंची लाइनमधून २ लाख गॅलनच्या वर तेल टुंड्रावर सांडलं. भोक पाव इंचाच्या आसपास. जागा नेमकी प्राण्यांना ओलांडता यावं म्हणून पाइप खडीखाली उतरवला होता तीच. सखल भागात गाळ साठून पाइप आतून गंजला होता, आणि आतून साफ करणारा ‘पिग’ कित्येक वर्षं फिरवलेला नव्हता.

(दृश्य : जोडलेला पाइप, चाचणीचे पंप, दाबमापक.)

तेलाआधी पाइपमध्ये दाबचाचणी होते, कामाच्या कमाल दाबाच्या १.२५ पट, ४ तास. उणे ३० मध्ये पाइपात साधं पाणी भरणं म्हणजे पाइप फोडणं. मग पाणी तापवून ठेवा, किंवा त्यात ग्लायकॉल, म्हणजे पाणी गोठू न देणारं रसायन मिसळा. ग्लायकॉल तळ्यात गेलं तर जिवाणू ते खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात, म्हणून ते परत भरून न्यायचं. साधं पाणी सोडायलाही वेगळी परवानगी लागते. त्यात गंज आणि वेल्डिंगची खपली असते. गाळून, वेग मोडून, पसरून सोडायचं, नाहीतर जमिनीवर घळ पडते.

(दृश्य : एप्रिल. बर्फाच्या रस्त्यात यंत्र खाच पाडतंय.)

एप्रिलच्या शेवटी, निघायच्या आधी, बर्फाच्या रस्त्यानं जिथं जिथं ओढा ओलांडलाय तिथं खाच पाडायची. ती राहिली तर बर्फाचा बांध पूर अडवतो आणि पाणी नवी वाट काढतं. खडीच्या कायम रस्त्यांत मोऱ्या असतात, पण मे महिन्यात त्या बर्फानं ठासलेल्या असतात. पूर येतो तेव्हा मोरी बंद, आणि मोरी मोकळी होते तोवर पूर ओसरलेला. मग वाफेनं त्या आधीच मोकळ्या कराव्या लागतात. पाणी रस्त्याच्या कडेला आठवडाभर जरी साठलं तरी ते उन्हाची उष्णता धरून ठेवतं, खालचं बर्फ वितळतं, जमीन खचते, खचलेल्या जागी आणखी पाणी साठतं. परवान्यात लिहिलेलं एकरांचं क्षेत्र फक्त खडीखालचं. हे असं पसरणारं पाणी त्या आकड्यात येत नाही.

२०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सॅकेट खटल्यात निकाल दिला: नदी-तळ्याशी पृष्ठभागावरून सलग जोडलेली पाणथळ जमीनच केंद्राच्या कायद्याखाली येईल. टुंड्रावरचं डबकं जूनमध्ये शेजारच्या डबक्याला जोडलेलं असतं, ऑगस्टमध्ये नसतं. मग ते कायद्याखाली येतं की नाही?

(दृश्य : जुलै. खांबांच्या रांगेखाली एक माणूस पोलादी सळई जमिनीत खुपसतो.)

तपासणीचं साधन म्हणजे टोकदार सळई, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा. खुपसायची, गोठलेल्या थराला टेकली की वाचायची. एक वाचन खांबाजवळ, एक बर्फाच्या रस्त्याच्या जुन्या वाटेवर, एक दूर, कुणी पाय न ठेवलेल्या जागी. खांबाजवळ ४४. जुन्या वाटेवर ५१. दूर ४२. वाटेवरच्या जागेला खुंटी मारून ठेवतात, पुढच्या जुलैत पुन्हा तिथंच सळई खुपसायची असते.